ठिगळासकट ओरिजनल

मी सायलेन्सर बोलतोय. जन्मभर माझं काम आवाज दाबायचं, आणि आता मलाच म्हणतात, बोल. कौसाबाईनं परवा गाडीतून उतरता उतरता फर्मान सोडलं, "अरे, या नळकांड्याले एक डाव बोलतं करा. त्याले सगळं ठाऊक शे." तिला नाही म्हणायची टाप या घरात कुणाची नाही, तर माझी कुठून असणार? सांगतो. पण मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. शाळा मी शिकलेलो नाही आणि गोड बोलणं मला जमत नाही. लोखंड आहे मी.

जन्म विलायतेतला. एका काळ्या, लांब नाकाच्या मोटारीच्या पोटाखाली मला बांधलं आणि बोटीत घातलं. पोटावर कंपनीचा शिक्का, आत पत्र्याचे पडदे. इंजिन धूर आणि बोंब दोन्ही माझ्या तोंडात टाकतं. मी बोंब पोटात ठेवतो आणि धूर तेवढा मागून सोडतो. एवढं काम आयुष्यभर केलं. गाडी पुसणारा बॉनेट पुसतो, काचा पुसतो, आरशात स्वतःचं तोंड बघतो. खाली वाकून माझ्याकडे कोण बघतं? गाडी बोंबलायला लागली की मग माझी आठवण.

सुरतेच्या एका डॉक्टरकडून ही मोटार दोधू पाटलांनी घेतली. तापीकाठचा माणूस, केळी आणि कापूस करणारा, आवाज असा की या शेतातून त्या शेतातल्या गड्याला हाक जायची. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. गाडी दारात आली त्या दिवशी आबांनी तिला ओवाळून घेतलं, चारी चाकांपुढे नारळ फोडले. मला कुंकू कुणी लावलं नाही. चालायचंच.

आबांची थोरली लेक कौसा. तिला खांडबाऱ्याला दिली, धान्याच्या दुकानदाराच्या घरी. लग्नानंतरची पहिली आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. झोका तिच्यासाठी बांधतात, रसपोळी तिच्यासाठी करतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. पण ती आपल्या पायानं येत नाही. माहेरचं माणूस न्यायला जावं लागतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी मोकळ्या हातानं परतला, की गाव म्हणतं, माहेर तुटलं.

आबा लेकीसाठी लुगडं आणायला सुरतेला गेले, आणि येताना तसेच तिला घेऊन यायचं ठरवलं. विसरवाडीजवळ रस्त्यावर दगड होता. तो मी खाल्ला. मधोमध तुटलो, अर्धा गाडीला लोंबकळतोय, अर्धा मागे धुळीत. मोटार अशी बोंबलली की चहाच्या टपरीवरचे ट्रकवाले उभे राहून बघायला लागले.

ऊन कलायला लागलं होतं. कौसाची सासू कडक. दिवेलागण झाली की सुनेला घराबाहेर पाठवायची नाही. आबा घामाघूम झाले. फाट्यावर उखा नावाचा एक तरणा मिस्त्री ट्रक दुरुस्त करत बसला होता.

"पाटील, मोटारनी नळी मन्हाकडे नई शे," उखा म्हणाला. "ट्रकनी शे."

"घोडानी लाव," आबा ओरडले, "पन लाव!"

त्यानं लावली. ट्रकच्या नळीचा तुकडा माझ्या पोटात बसवला, वर पत्र्याचं जाडजूड ठिगळ मारलं. कंपनीचा अर्धा शिक्का त्या ठिगळाखाली गेला. दुखलं, पण रडलो नाही. गाडी सुरू झाली आणि माझं मलाच नवल वाटलं. गळा ट्रकचा आणि अंग मोटारीचं. आवाज खोल, खर्जातला, आणि गिअर बदलला की दोनदा खाकरायचा. असा आवाज विलायतेत कुणाला नाही, आपल्याकडे कुणाला नाही.

खांडबाऱ्याचं रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना. आबा इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. तिकडे घरात, कौसानंच मागून सांगितलं, सासू म्हणाली, "कुणाचा तरी ट्रक आलाय." कौसा म्हणाली, "ट्रक नई. मन्हा आबा शे." कसं ओळखलं देव जाणे. सकाळपासून कान रस्त्याला लावून बसलेली पोर, तिला बैलगाडी वाजली तरी आबाच वाटला असता. पण फाटक उघडून आम्ही दारात पोचलो तर ती पिशवी घेऊन उंबऱ्यावर उभी. सासूला हो म्हणावंच लागलं.

गाडीत बसल्यावर आबा तिला म्हणाले, "कौसा, हाऊ आवाज ध्यानमा ठेव. हाऊ उना म्हणजे तुन्हं माहेर उनं."

हा आवाज आला की माहेर आलं. तिनं ध्यानात ठेवला. मीही ठेवला.

त्यानंतर दर आखाजीला मी फाटकाशी खाकरायचो आणि ती पिशवी उचलायची. आबा म्हातारे झाले, गेले. मग कौसाचा धाकटा भाऊ गोपाल चालवायला लागला. पुढे घरात नव्या गाड्या आल्या, गारेगार हवेच्या, मांजरासारख्या गुपचूप चालणाऱ्या. मोटार शेडमध्ये गेली. पण आखाजीला तिलाच काढायचे, कारण कौसा, आता सगळ्यांची अक्का, दुसऱ्या गाडीत बसायची नाही. तिचा नवरा गेला, केस पांढरे झाले, डोळे गेले. तरी फाटकावर मी खाकरलो की नातवाला म्हणायची, "पिशवी दे रे, आबा उना." मेलेल्या माणसाला मी दरवर्षी जिवंत करत होतो. कुठल्या सायलेन्सरनं असं काम केलंय, दाखवा मला.

आता नवनीतची गोष्ट. गोपालचा मुलगा. नाशिकला नोकरी, डोळ्यांवर जाड चष्मा, जुन्या गाड्यांचा नाद. नाद वाईट नाही. दिवाळीच्या सुट्टीत आला आणि त्यानं मोटार नवी करायला घेतली. रंग, सीट, दिवे. बडोद्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथं उभी करायची होती. एक दिवस तो शेडमध्ये पाठीवर झोपून माझ्या खाली शिरला. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बघत होतं. मी जरा ताठच झालो.

मोबाइलचा दिवा माझ्या ठिगळावर टाकून तो म्हणाला, "अर्धा शिक्का, वर ठिगळ, आत ट्रकचा पाइप. हा कसला ओरिजनल? डुप्लिकेट आहे हा. भंगार."

डुप्लिकेट. मला. जो या गाडीबरोबर बोटीतून आला त्याला.

त्यानं परदेशातून नवा मागवला. चकचकीत, शिक्का अगदी हुबेहूब. आता बघा अक्कल: जो काल बनला तो ओरिजनलसारखा, म्हणून चांगला. आणि जो पहिल्यापासून आहे, तो ओरिजनलसारखा दिसत नाही म्हणून भंगार. नंदुरबारहून फिटर आला. माझे बोल्ट गंजलेले, निघेनात. त्यानं सरळ मानेवर ग्राइंडर चालवला आणि चार बोटं मान कापून मला बाजूला फेकलं.

गोपालच्या बायकोनं मला परसात नेलं, पाणी तापवायच्या चुलीवर धुराडं म्हणून उभं केलं. मी तर पडद्यांचा. माझ्या पोटातून धूर सरळ कसा जाईल? सगळा तिच्या तोंडावर आला. "मेल्या, ना गाडीचा ना चुलीचा!" म्हणून तिनं मला गोठ्याच्या भिंतीला टेकवलं. माझ्यात पालींनी घर केलं. नव्याचा आवाज गोठ्यापर्यंत यायचा. गोड, गुळगुळीत. खाकरणं नाही, काही नाही. पाहुण्यासारखा बोलायचा.

आखाजी जवळ आली. दोन दिवस आधी गोपाल मोटार घेऊन खांडबाऱ्याला गेला, आणि दुपारी परत आला तो एकटाच. अंगणात बायकोला सांगत होता, मी गोठ्यातून ऐकत होतो.

"फाटकावर उभा राहिलो, दारात गेलो, तरी अक्का आतच. म्हटलं, अक्का, चल. म्हणाली, कसामा उना? म्हटलं, आबाच्या मोटारीत. म्हणे, खोटं बोलू नको गोपाल, गाडी इकी टाकी ना? भाड्यानी आणी ना?"

"अहो, विकली कुठे? मग तिचा हात गाडीला लावायचा!"

"लावला ना! सीट नवी, दाराची मूठ नवी, वास नवा. तिच्या बाजूला सीटला फाटकं भोक होतं ना, बोट घालून बसायची, तेही नाही. हात झटकला तिनं. 'डोया गयात मन्हा, कान नई गयात. ही आबानी गाडी नई. तू आबानी गाडी इकी टाकी, आते मन्हं माहेर कोठे?' दार लावून घेतलं."

गोपाल पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा तोंड झाकून राहिला. साठी उलटलेला माणूस.

सणाला आलेला नवनीत घरातून बाहेर आला. आत्याला तो फुई म्हणतो. "पप्पा, फुईला मी फोनवर समजावतो. आवाज कंपनीचा जसा होता तसाच आहे आता. उलट आधीचाच चुकीचा होता."

"चुकीचा?" गोपाल उठला. "आखाजीच्या दिवशी घागर कोणाची भरायची रे आपल्याला?"

"आजोबांची."

"आबा विचारतील, मन्ही लेक कोठे शे? त्यांना सांगशील, कंपनीचा आवाज बरोबर आहे म्हणून?"

पोरगा म्हणाला, "पण आखाजी झाली की लगेच बडोद्याचं प्रदर्शन आहे, पप्पा."

"प्रदर्शनाला मोटार जाईल. माहेर एकदा गेलं की गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपालनं मला गोठ्यातून उचललं, पाली झटकल्या आणि डिकीत टाकलं. गाडीच्या खाली जन्म काढलेला मी, सामान म्हणून डिकीत बसून विसरवाडीला चाललो. नवनीत शेजारी फुगून बसला होता. खालून नवा गोड गोड गात होता. मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, गा बाबा, खांडबाऱ्यात तुला कोण ओळखतं?

उखा अजून फाट्यावरच. आता पाठीला बाक, ऐकू कमी येतं, गॅरेज मुलगा चालवतो. मला जमिनीवर ठेवलं. उखानं वाकून ठिगळावरून अंगठा फिरवला.

"हाई कोन्हं काम शे? लई भारी वेल्डिंग करेल शे भो!"

"तुन्हंच शे, काका," गोपाल म्हणाला.

"मन्हं?" उखा परत वाकला. "हा! म्हनीसनी टिकनं."

मग घोळ निघाला. मान कापलेली, त्यामुळे मी चार बोटं आखूड. नळी इंजिनपर्यंत पोचेना. उखाच्या मुलानं ढिगारा उपसला, मापाची नळी मिळेना. उखानं नव्याकडे बोट केलं.

"याना तुकडा कापू."

नवनीत आडवा आला. "काका, हा परदेशातून मागवलाय! हा कापला तर प्रदर्शनात काय दाखवू?"

"मंग हाऊ घेऊन जा आणि फुईले दाखाड," उखा म्हणाला. टपरीवरचे हसले.

नवनीत चष्मा पुसत उभा राहिला. बराच वेळ पुसला. मग त्यानं स्वतः नवा पुढे केला आणि म्हणाला, "कापा."

एवढं मी त्याच्या नावे लिहून ठेवतो. पण कापा म्हणणं वेगळं आणि चुकलं म्हणणं वेगळं.

तर आज माझ्या मानेत त्या नव्याचा तुकडा आहे. पहिल्यांदा अंगावर काटा आला. पण विचार केला, ट्रकचा पोटात घेतला तेव्हा कुठे मी मेलो? घेतला. तो तुकडा अजून बुजरा आहे, गोड बोलायला जातो. शिकेल.

खांडबाऱ्याला फाटक बंद होतं. गोपालनं इंजिन बंद केलं नाही. मी घसा साफ केला आणि जितका खर्ज होता तितका लावला. गोपालनं मुद्दाम गिअर टाकला आणि काढला. दोनदा खाकरलो. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, सायलेन्सर फाटला वाटतं." फाटला तुझा बाप.

फाटक उघडलं. वळणावरून पाहिलं तर कौसाबाई ओट्यावर. एका हातात पिशवी, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर. पायात एकच चप्पल. दुसरी सापडेपर्यंत थांबली नव्हती.

"उनी ना," ती नातवाला म्हणत होती, "आबानी गाडी उनी ना, म्हनं नव्हतं मी?"

नवनीत उतरून तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या गालावर चापटी मारली. "काल कोन्ही गाडी धाडी होती रे, चोर?" पोरगा रडला. मी पाहिलं.

आखाजीला निंबाच्या झाडाला झोका बांधला. आबांची घागर भरली, आणि लेक तिच्यासमोर बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कुंकू लागलं. कौसाबाईनं चाचपत चाचपत लावलं, ठिगळावरच लावलं.

आता मी गाडीखाली माझ्या जागी आहे. म्हातारा झालोय. एक दिवस पडदे झडतील, गंज पोटात जाईल, तेव्हा भंगारात घाला, माझी ना नाही. पण कौसाबाई आहे तोवर ठिगळाला कुणी ग्राइंडर लावू नका. आणि ओरिजनल कोण हे विचारायचं असेल तर शिक्का बघू नका, तिला विचारा.

उखानं माझ्या पाठीवर थाप मारली. गोपालनं हात जोडले. त्याच्या बायकोनंसुद्धा चुलीच्या वेळी बोलली त्याबद्दल कानाला हात लावला. बडोद्याला गाडी गेली, बक्षीस मिळालं नाही. पण तिथं पोरगा लोकांना तोंड भरून सांगत होता म्हणे, "हा आमचा ओरिजनल." लोकांना सांगितलं. मला अजून सांगितलेलं नाही. वाट बघतोय. वाकून, खाली येऊन, माझ्या तोंडासमोर तोंड आणून त्यानं एकदा म्हणायचं आहे, चुकलं म्हणून. नाव विसरलेलो नाही मी. नवनीत गोपाल पाटील.