तिंबिलाची तडकलेली पट्टी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. काजूच्या झाडाखाली वाळूचे अंगण आहे. समुद्र दिसत नाही, पण त्याची गाज ऐकू येते. अंगणात बारा जण ओळीने बसले आहेत आणि प्रत्येकापुढे लाकडी पट्ट्यांचे एक लांबट वाद्य आहे. बारा जोडी हात एकदम खाली येतात आणि वाळू थरथरते. या वाद्याला आमच्या झवाला भागात तिंबिला म्हणतात. ऐकू आले? मग आता डोळे उघडा आणि झाडाच्या बुंध्याशी बघा. तिथे टेकून ठेवलेला, कुदळीच्या धाकट्या भावासारखा दिसतो ना, तो मी.

मी एक जुना वाकस आहे. लाकूड तासणे हे माझे काम. माझे पाते एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडले. दांडा आजवर चार वेळा बदलला, पाते मात्र तेच आहे. झिजून निम्मे झाले, पण धार अजून उत्तम. माझे मालक जेफानियास आजोबा तिंबिला बनवतात, आणि मी नसतो तर त्यांनी काय केले असते कोण जाणे.

आमचे लाकूड म्वेंजेचे. त्याचा भुसा नाकात गेला की माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. हे झाड आता सहजी मिळत नाही, म्हणून आजोबा कुंपणाचे जुने खांबही मागून आणतात. खांब लाकडातल्या रेषांच्या दिशेने फोडायचा. मग मी ओबडधोबड पट्टी काढायची. ती गरम राखेत पुरायची, चुलीवरच्या धुरात टांगायची आणि पूर्ण सुकेपर्यंत तिला विसरायचे. त्यानंतर सूर लावायचा. पट्टीच्या पोटाला मधोमध थोडे तासले की सूर खाली उतरतो. थोडे म्हणजे नखाएवढे.

एका शुक्रवारी सालोमाओ आपले वाद्य डोक्यावर घेऊन आला. तो वाजवणाऱ्यांचा म्होरक्या. त्याच्या वाद्याची मधली पट्टी तडकली होती आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावात मोठा नाच होता.

"बाबा, ही पट्टी नसली तर माझं वाजवणं म्हणजे पुढचे दात पडलेल्याचं हसणं."

"तुझे पुढचे दात तसेही कुठे आहेत?" आजोबा म्हणाले. त्यांनी चुलीवरच्या माळ्यावर हात घातला. सुकलेली पट्टी एकच उरली होती.

"आणि ही बिघडली तर?"

"तर उद्या तू शीळ घाल."

आजोबांची दहा वर्षांची नात लुर्देस जवळच बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, सूर मी लावू?"

आजोबांनी मला तिच्या हातात दिले. "एक काप, एक ठोका. ठोका ऐकल्याशिवाय दुसरा काप नाही. वरच्या सप्तकातली याच सुराची पट्टी, हिची बहीण, वाद्यावर आहे, तिच्याशी ताडून बघ."

लुर्देसने तीन काप अगदी छान घेतले. काप, ठोका. काप, ठोका. सूर उतरत उतरत जवळ आला. तेवढ्यात आजोबा आणि सालोमाओ उकडलेला कसावा खायला आत गेले. ते परत यायच्या आत काम संपवून दाखवावे, असे लुर्देसला वाटले. तिने एका दमात पाच काप घेतले. मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते, पण हत्याराला वाचा नसते.

मग तिने ठोका दिला. सूर कधीच खाली निघून गेला होता.

तिचा चेहरा उतरला. शेजारी काळ्या मेणाचे डबडे होते. आवाज घुमावा म्हणून पट्ट्यांखाली बसवायची पोकळ फळे त्या मेणाने चिकटवतात. लुर्देसने वाळूतून पाच ढलपे शोधून काढले, फुंकून साफ केले आणि मेण लावून एकेक जिथल्या तिथे चिकटवला. पुन्हा ठोका दिला. थप्प. ओला मासा फळीवर टाकावा तसा आवाज आला.

आजोबा दारात उभे होते. "आम्ही आत गेल्यावर किती काप घेतलेस?"

"दोन."

आजोबांनी पट्टी उलटी केली. "मेणात तर पाच दिसतात."

मागून आलेल्या सालोमाओने कपाळाला हात लावला. "घाला मला खड्ड्यात."

"मी लाकूड परत लावत होते," लुर्देस रडवेल्या आवाजात म्हणाली.

"काढलेलं परत लागत नाही, पोरी. मेणाच्या वजनाने सूर आणखी खाली बसला." आजोबांनी मेण खरवडून काढले. "पण टोकांना अजून लाकूड आहे. मधे तासलं की सूर उतरतो, टोकांना तासलं की चढतो. धर वाकस."

लुर्देसने हात पाठीमागे नेले. "मी नाही."

"का? चूक कशी होते ते तुला कळलंय. सालोमाओला अजून कळलेलं नाही. त्याच्या हातात देऊ?"

"नको," लुर्देस आणि सालोमाओ एकदम म्हणाले.

तिने मला धरले. मी माझ्या परीने सगळा भार पात्यावर घेतला. डाव्या टोकाला काप, ठोका. उजव्या टोकाला काप, ठोका. सूर मुंगीच्या पावलांनी वर चढू लागला. सातव्या ठोक्याला दोन्ही पट्ट्या एकाच घशातून बोलल्या. सालोमाओ काहीतरी म्हणायला तोंड उघडू लागला, पण भुसा नाकात जाऊन त्याला लागोपाठ चार शिंका आल्या.

शनिवारी ती पट्टी अशी खणखणली की म्हाताऱ्या बायकाही नाचायला उठल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या हत्यारांना गंजू देऊ नका. काम झाले की पाते पुसा, नारळाच्या तेलाचे बोट फिरवा. आणि आम्ही हातात असलो की कान उघडे ठेवा. आम्हाला फक्त काढून टाकता येते.

रविवारी लुर्देस एकटीच अंगणात आली. सालोमाओची तडकलेली पट्टी तिने मागून घेतली होती. आजोबांच्या करवतीने तिने तडकलेला भाग कापून टाकला. उरलेला वीतभर तुकडा तिने वाळूत पसरलेल्या आपल्या दोन पायांवर, वाद्यावर पट्टी ठेवतात तसा आडवा ठेवला. मला उचलून एक काप घेतला.

मग मला खाली ठेवले, काठी उचलली आणि ठोका देऊन मान तिरकी केली.