शाफ्ट कुठनं मोडला

आमचा साखर कारखाना कोपरगावच्या अलीकडं. मिलकडं ऊस नेणारा पट्टा असतो, त्याचा शाफ्ट ऐन हंगामात मोडला. त्या टायमाला पट्ट्यावर ऊस सोडत हुतो मी, अमीर. मग काय, झालं! "अमीरनंच जास्त ऊस कोंबला" म्हणून सगळ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कँटीनमधी मी बसलो की शेजारचे उठायचे. लई जिवाला लागतं हो ते. एकटा काकासाहेब फिटर तेवढा रोज चहा घेऊन माझ्यासमोर बसायचा. त्याच्या जिवावर मी दिवस काढले.

मोडका शाफ्ट तपासायला नगरच्या लॅबमधी निघाला, तसा मीपण टेम्पोत चढलो. म्हटलं, माझा निकाल लागतोय, बघू तरी कसा लागतो.

तिथल्या निकिता मॅडमनी शाफ्टच्याच लोखंडाच्या दोन बारक्या दांड्या कापून घेतल्या. एकीवर ओरखडा काढला. मशीनमधी दोन्हींवर सारखाच भार देऊन गरागरा फिरवल्या. मी जेवून आलो तवर ओरखड्याची मोडली हुती. दुसरी आपली फिरतच हुती.

"भार तर काहीच न्हवता की!" मी म्हटलं.

"नव्हताच. दर फेऱ्याला चीर कणभर वाढते. वरून कळत नाही. उरलेलं लोखंड पुरेनासं झालं की तुटतं." त्यांनी शाफ्टचं मोडकं तोंड दाखवलं. बहुतेक सगळं काळपट, गुळगुळीत. कडेला थोडंसं चकचकीत, खरबरीत. "त्या दिवशी फक्त एवढंच तुटलं. बाकीचं आधीच गेलेलं. तुमचा दोष नाही, अमीरभाई."

माझे डोळे भरून आले. मग त्यांनी चीर सुरू झाली ती जागा दाखवली. तिथं छन्नीचा घाव हुता. "अडकलेलं बेअरिंग कुणीतरी छन्नीनं फोडून काढलंय. कोण होतं?"

काकासाहेब हुता. बॅटरी मीच धरली हुती.

"ठाऊक न्हाई," मी म्हटलं.

रिपोर्ट आला अन् जो तो "अमीरभाई, या की!" करायला लागला. मी त्यांना सोडून काकासाहेबाकडं गेलो.

"चीर कुठनं गेली, बोलल्या का बाई?" त्यानं विचारलं.

"बोलल्या. मी नाव न्हाई सांगितलं."

त्यानं मान वर केली न्हाई. "माझ्याच छन्नीनं मोडला, हे मला पयल्या दिवशीच कळलं हुतं, अमीर."

एवढं बोलून तो उठला. म्हणजे इतके दिवस तो माझ्यासाठी बसतच न्हवता, त्याच्या मनाला खात हुतं म्हणून बसत हुता! त्यानंतर तो माझ्याजवळ फिरकला न्हाई. आता अख्खा कारखाना माझ्याशी बोलतो, अन् मला कुणाशी बोलावंसं वाटत न्हाई.