सरावापुरतं घर

सोमवारी आमचं स्वयंपाकघर वॉर्डात आलं. ह्यांनी ते ओट्यासकट टेम्पोतून आणलं आणि दोन खाटांच्या मध्ये बसवलं. मला घरी सोडायची तयारी तांबोळी मॅडमकडे होती. त्या इथल्या समाजसेविका.

"एकदम घरी गेलात तर घाबरून जाल," त्या म्हणाल्या. "आधी इथंच सवय करू."

आठ महिन्यांत मी गॅसला हात लावला नव्हता. पहिला चहा उतू गेला. ह्यांनी ओटा पुसला, उरलेला चहा दोन कपांत अर्धा अर्धा केला.

"छान गोड झालाय," म्हणाले. साखर घालायची राहिली होती.

मंगळवारी न्हाणीघर आलं, बुधवारी बाहेरची खोली. खाटा सरकवता सरकवता शेजारच्या सिंधूताईंची खाट आमच्या कोचाला टेकली. दुपारी त्या कोचावरच झोपू लागल्या. गोळ्यांचा डबा मी फ्रिजवर ठेवला आणि कुणी आठवण न करता वेळच्या वेळी गोळ्या घेतल्या. मॅडमनी फाइलमध्ये तसं लिहिलं.

गुरुवारी निजायची खोली आली, तेव्हा चालायला जागा उरली नाही. आम्ही सगळ्याजणी भिंतीला पाठ लावून आडव्या चालू लागलो.

"आता तिकडं काय राहिलं?" मी ह्यांना विचारलं.

"मी."

"झोपता कुठं?"

"आपल्याच जागेवर. उद्या तिथं वाट बघतो."

शुक्रवारी डॉक्टरांनी सही केली. टेम्पो कधी येणार, असं मी मॅडमना विचारलं.

"सोडलंय ते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "खोल्यांना अजून नाही." मग माझ्या पदराची घडी सारखी केली. "पुढच्या मंगळवारी दाखवायला या."

मी एकटी रिक्षानं गेले. आमच्या गल्लीत दोन घरांच्या मध्ये मोकळी, स्वच्छ झाडलेली जमीन होती. तिच्यावर ह्यांनी पांढऱ्या फक्कीनं सगळ्या खोल्या आखल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत ते उभे होते. मी सरळ त्यांच्याकडे निघाले.

"तिथून नको. ती भिंत आहे."

मी वळसा घालून उंबऱ्याच्या रेषेशी आले. त्यांनी आतून हात पुढे केला.

"भीती वाटतेय?"

"हो."

"मलाही."

मी त्यांचा हात धरला आणि उजवा पाय उचलला. तो अजून खाली टेकलेला नाही.