बुजवलेली भोकं

"गंजावर लांबी-पुट्टी भरतो, रंग मारतो, की झालं!" जीपखालून मुलगा ओरडला. "उद्या पासिंग आहे, आई. आरटीओचा साहेब काय चिखलात लोळून बघणार आहे?"

"साहेब नाही बघणार. पण त्या पत्र्यावर गावातल्या बाया पोरं घेऊन बसणार, त्यांचं काय?" म्हातारी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन चाकापाशी उकिडवी बसली होती.

बाजाराला जाणारी गावातली ही एकच गाडी. घरची चूल तिच्यावर. पासिंग हुकलं की फेरी दुसऱ्याच्या घशात जाणार, हे काय सांगायला हवं?

दाराखालच्या पोकळ पट्टीला तळाशी बारकी भोकं होती, पाणी निथळायला. त्यातून धूळ येते म्हणून मागे मुलाने ती लांबीने बुजवली होती. म्हातारीने गावभर टेंभा मिरवला, "आमच्या गाडीत पांढरं लुगडं नेसून बसा, डाग पडला तर मला विचारा!" धूळ थांबली खरी, पण गाडी धुताना शिरलेलं पाणीही आत कोंडलं. वेल्डिंगचे जोड आतून गंजून पार पोखरले गेले. वरून रंग कसा, नव्या नवरीसारखा!

म्हातारी जोडावर टोचत निघाली. ठक. ठक. मग नुसतंच भस्स. तांबडा भुगा तिच्या मांडीवर सांडला.

"अहो आई, पुरे करा आता," सून काकुळतीला आली. "जितकं कोचाल तितकं गळेल."

"गळू दे. चांगला पत्रा लागल्याशिवाय वेल्डिंग धरेल कशाला? गंजाला का टाका बसतो?"

दुपार कलेपर्यंत एक बाजू उरकली. सडका पत्रा कापला, कडा पांढऱ्याशुभ्र निघेतो घासल्या, ठिगळ जोडलं, वर प्रायमर, आत तेल. भोकं पुन्हा मोकळी केली. राहिला ड्रायव्हरच्या सीटखालचा जोड, जिथे सगळी बॉडी सांगाड्याला धरते. मुलाने त्यावर पंजा ठेवला.

"इथे नको. हा गेला तर काहीच उरत नाही."

"हात काढ."

"आई, पाया पडतो तुझ्या."

"काढ म्हणते ना!"

स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावाच लागला नाही.

म्हातारीने तो हळूच बाहेर ओढला. वर बांधलेल्या ताडपत्रीवर भुरभुर पाऊस वाजू लागला.

"उद्या गाडी न्यायची नाही," म्हातारी म्हणाली.

"मग फेरी गेली ना! खायचं काय आपण?"

"मला नाही माहीत."

असलं वाक्य त्या तोंडातून घरात कुणी ऐकलं नव्हतं. सून तोंडाला पदर लावून आत गेली. म्हातारीने ताडपत्रीचं टोक ओढून मुलाच्या डोक्यावर धरलं.

"बघतोस काय माझ्याकडे? ग्राइंडर लाव. उजेड आहे तोवर कापून तरी ठेवू."