कोलेटचं तोंड उन्हात

"नवरीला भर दुपारी बाहेर आणायचं नाही," असा हुकूम त्या ब्रँटनं सोडला आणि माझं डोकंच फिरलं. हा आमचा फोटोग्राफर, ओमाहाहून आणलेला. आल्या आल्या आमच्या धान्याच्या कोठारात शिरला, खिडक्यांना काळे पडदे ठोकले, मेणबत्त्या मांडल्या आणि मला शिकवायला लागला.

"दुपारच्या उन्हात चेहऱ्याची वाट लागते, मार्लिसबाई. डोळ्यांखाली सावल्या पडतात. सूर्य मक्याच्या शेंड्याला टेकला की मगच नवरी बाहेर."

"आणि माझ्या आईचं काय?" मी त्याला विचारलं.

माझ्या आईच्या, ल्युडमिलाच्या, नजरेत मधोमध काळोख बसलाय. भर उन्हात मान तिरकी केली की कडेनं जरासं दिसतं. दिवस कलला की तेही नाही. मका काढेपर्यंत एवढंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळपासून तिचं एकच चाललेलं, "कोलेटला त्या पांढऱ्या झग्यात एकदा बघू दे गं. मग डोळे गेले तरी चालतील."

कोलेट माझ्या भावाची पोर. आईच्याच मांडीवर वाढली. आणि तीच मला सांगते, "आत्या, अंगणात ट्रेंट आहे. लग्नाआधी नवऱ्यानं नवरीला झग्यात बघायचं नसतं. त्याच्या पहिल्या नजरेचा फोटो म्हणजे अल्बमचा जीव, असं ब्रँट म्हणतो. आजीला संध्याकाळी दाखवते की."

"काय दाखवणार? डोंबल! संध्याकाळी तिला तू आणि खांब सारखेच!"

मी तिचा हात धरला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं तिला ओढतच अंगणात नेलं. आई तिथं उन्हात खुर्चीवर बसली होती. समोरून ट्रेंट बर्फाची टोपली घेऊन येत होता. टोपली त्याच्या हातातून सुटली, आणि तो बघतच राहिला. मी म्हटलं, बघ लेका, पोटभर बघ.

आईनं मान तिरकी केली. कोलेटची हनुवटी धरून तिचं तोंड उन्हाकडे वळवलं, आणि कितीतरी वेळ कडेच्या नजरेनं ती बघत राहिली. मग म्हणाली, "केवढी सुकलीस गं. सकाळपासून काही खाल्लंस का?"

दिवसभरात तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. झग्याची पर्वा न करता पोर मातीत बसली आणि आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. ट्रेंटही डोळे पुसत होता.

तेवढ्यात ब्रँट बोंबलत आला. "सगळं मातीत घातलंत! ट्रेंट, संध्याकाळी तिला पहिल्यांदाच बघतोयस असा चेहरा कर, कळलं?"

आणि केलं की त्यांनी! दोघांनी नाटक केलं, सोनेरी उजेडात, मक्याच्या कडेला. माझा नुसता जळफळाट झाला.

मका निघाला तेव्हा अल्बम आला. आईला तोवर काहीच दिसत नव्हतं. पहिल्या पानावर तोच नाटकाचा फोटो, आणि घरभर त्याचं कौतुक. आईनं त्या गुळगुळीत पानावरून हात फिरवला.

"यात ऊन आहे का गं?"

"नाही, आई."

"मग ठेव तिकडं. मी बघितलीय तिला," ती म्हणाली आणि अल्बम माझ्याकडे सरकवला.