पळून आल्यावरची दोन मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे. मी भंगारात गेलो होतो असं लोक माझ्याबद्दल सांगतात. ते खोटं आहे. मी गेलो नव्हतो, मला नेलं होतं. आपल्या पायानं कोणी तराजूवर चढतं का?

टर्बो म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर चुलीपुढची फुंकणी आठवा. फुंकर घातली की विस्तव भडकतो. इंजिनासाठी मी तेच काम करतो, फक्त मला फुंकायला कुणाचं तोंड लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर सगळे वाया घालवतात. त्या धुरावर माझा एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसरा पंखा आहे, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतो. हवा जास्त मिळाली की जाळ जास्त होतो आणि गाडी सुटते. त्या वेळी माझा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो.

एकदा मेहकरच्या रस्त्यावर मी अशी हवा ओढली, की पुढच्या ट्रॅक्टरवरच्या पाटलांचा फेटा उडाला आणि आमच्या टपावर बसला. मग काय, मेहकर येईपर्यंत समोरचा प्रत्येक माणूस गाडीला रामराम घालत होता. बघा, यावर तुम्ही मान डोलावली आणि लाख फेऱ्यांना मात्र हसलात. मित्रांनो, फेट्याचं खोटं आहे. फेऱ्यांचं खरं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि मला एका छोट्या डिझेल गाडीत बसवलं. ती गाडी बीबी गावच्या भगवानरावांनी घेतली. माणूस तालेवार, शंकरपटाचा शौकीन. पटात त्यांची बैलजोडी पळायची, पण ती पळवायचा इंद्रभान. जोडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. इंद्रभाननं तीस वर्षं पट मारले. बक्षिसाच्या ढाली मात्र भगवानरावांच्या बैठकीत लागल्या, आणि प्रत्येक ढालीवर नावही त्यांचंच.

पहिली दोन वर्षं माझं कौतुक झालं. चढावर गाडी हसत चढे आणि भगवानराव पाहुण्यांना सांगत, "आतमधी टर्बो हाय आपल्या." पण त्यांना एक खोड होती. गाडी दारात थांबते न थांबते तोच चावी बाहेर. कोणी काही बोललं की म्हणायचे, "उभ्या गाडीले डिझेल कायले पाजता?"

त्यांना कोण सांगणार की मी तेव्हा आत लालबुंद असतो? मला गारवा देतं ते इंजिनाचं तेल, आणि इंजिन बंद झालं की तेल येणंही बंद. मी मात्र फिरतच असतो, कोरड्या घशानं. अंगावर उरलेलं तेल जळून खरपुडी धरते. दोन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली असती, तर मी निवलो असतो. पाच वर्षांत ती दोन मिनिटं मला एकदाही मिळाली नाहीत. शेवटी मी निळा धूर सोडला. "टर्बोच बेकार निघला," असं भगवानराव म्हणाले आणि मला भंगाराच्या तराजूवर चढवलं. माझ्या एका बाजूला कुलरचा पत्रा, दुसऱ्या बाजूला सूर गेलेली बाजाची पेटी. पेटी रडायची. मी रडलो नाही, मला राग आला होता.

तिथं मला समता भेटली. इंद्रभानची मुलगी. मोटार मेकॅनिकचं शिक्षण पूर्ण करून तिनं मेहकर रोडला दुकान टाकलं होतं. पण लोक तिच्याकडे फक्त हवा भरायला आणि पंक्चर काढायला यायचे. तिनं बॉनेटला हात लावला की गाडीवाला खाली उतरायचा. "ताई, ते राहू दे. चाकातली हवा तेवढी पाह्य."

भंगारातून मला उचलून तिनं माझा पंखा बोटानं फिरवला. दोन वेळा करकरलो.

"थो मेला हाय, ताई," भंगारवाला म्हणाला.

"मेला नाई. तहानला हाय."

मित्रांनो, माझ्याबद्दल बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

तिनं मला उकलून सगळी खरपुडी काढली, नवी बेअरिंगं बसवली, आणि आपल्या लाल छोट्या गाडीत माझी जागा केली. गाडी आठशे सीसीची, एक दरवाजा निळा. इंजिनापासून माझ्यापर्यंत तेलाची वेगळी नळी आणली. मी जोर किती करायचा त्याला लगाम लावला, कारण जास्त दाबलं तर ते चिमुकलं इंजिन फुटलं असतं. मग महिनाभर तिची नुसती जुळवाजुळव चालू होती. पेट्रोल जरा वाढव, ठिणगी जरा उशिरा दे, गाडी पळव, कान दे, परत खोल. त्या महिन्यात पळून आल्यावर एकदाही तिनं लगेच चावी काढली नाही. मी निवेपर्यंत ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहायची.

भगवानरावांचा गणेश एक दिवस हवा भरायला आला. त्यानंही पुण्याहून आपल्या छोट्या गाडीला कोरा टर्बो बसवून आणला होता. मला पाहून तो हसला.

"समताताई, हा तं आमचा भंगारातला."

"तुमचा होता, गणेशभाऊ."

"पटाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या पळणार हायेत. तीन पाळ्या. तिन्हीत हा टिकला, तं माही गाडी तुह्याकडं खोलाले देतो. नाई टिकला, तं तू आपली हवा भरत जाय. इंजिनाच्या गोष्टी नको करू मंग."

चहाच्या टपरीवरचे सगळे ऐकत होते. समता म्हणाली, "हाव. ठरलं."

पटाचं मैदान बीबीच्या शिवारात. एका पाळीला मैदानाभोवती पाच वळसे, एका वेळी एक गाडी, समोर घड्याळ. सकाळी महादेवराव पंचांनी नियम वाचला, "गाडी थांबली का इंजिन लगेच बंद. चालू इंजिनाची गाडी उभी दिसली तं बाद." मागच्या वर्षी एक चालू गाडी आपोआप सरकत भज्याच्या कढईपर्यंत गेली होती, म्हणून हा नियम.

समताचा चेहरा उतरला. ती बापाजवळ येऊन हळूच बोलली, "बाबा, पाच वळशे पळून लगेच बंद करा लागलं तं हा दुसऱ्या पाळीतच जाते. नाव काढून घेऊ काय?"

इंद्रभान तंबाखू मळत होता. "पळून आलेल्या जोडीले आपण काय करतो?"

"फिरवतो."

"लगेच खुट्याले बांधतो?"

"नाई. पायात गोळे येतात."

"मंग माले काय इचारून राह्यली? नियमात थांबायचं लिव्हलं हाय. चालायचं कुठं लिव्हलं हाय?"

पहिली पाळी. समतानं मला मोकळं सोडलं आणि मी अशी शीळ घातली की म्हणे लोणारच्या सरोवरात तरंग उठले. (तरंगांचं जाऊ द्या. शीळ खरी.) पाच वळसे झाले, रेषा ओलांडली, पण गाडी थांबली नाही. गाडीचा वेग माणसाच्या चालीवर आला. खांद्यावर दुपट्टा टाकून इंद्रभान पुढे निघाला आणि त्याच्यामागे आम्ही, मैदानाच्या कडेनं, संथ.

लोक पोट धरून हसले. "इंद्रभान, कासरा इसरला काय बे?"

"कासरा चुकार जनावराले लागते," मागे न पाहता इंद्रभान म्हणाला.

एक फेरी पूर्ण होईस्तोवर माझ्या अंगातून थंड तेल वाहत राहिलं. मग समतानं गाडी थांबवली आणि त्याच क्षणी चावी काढली.

गणेश पंचाकडे गेला. "महादेवकाका, हे काय नाटक हाय? बाद करा तिले."

"गाडी थांबल्यावर इंजिन चालू होतं काय?"

"नाई, पण..."

"मंग कायचं बाद? उमर गेली माही पटात. पळालेलं फिरवाच लागते."

"काका, ते बैलं होते. हे लोखंड हाय."

"लोखंड तापत नाई काय रे?"

दुसऱ्या पाळीलाही आम्ही तसेच फिरलो. या वेळी हसणारे कमी होते, आणि चार-दोन पोरं इंद्रभानच्या मागं चालत आली. तिसरी पाळी मी जीव तोडून पळालो. शेवटच्या वळणावर मला वाटलं, आता दांडा तुटतो. तुटला नाही. भगवानरावांकडं काढलेल्या पाच वर्षांचा राग त्या दांड्यात होता.

आम्ही हरलो, मित्रांनो. अर्ध्या सेकंदानं. गणेशची गाडी कोरी, माझं वय झालेलं. हे मी वाढवून सांगू शकलो असतो, पण घड्याळ सगळ्यांनी पाहिलं आहे.

गणेशनं रेषेवरच गाडी उभी केली आणि तिसऱ्यांदा खटकन चावी काढली. भगवानराव ढाल घ्यायला पुढे झाले, फोटो निघाले. मग लोक म्हणाले, ढाल घेऊन एक वळसा मारा. गणेशनं गाडी चालू केली आणि मागून निळा धूर निघाला. तो कोरा टर्बो आतून ओरडत होता. ती ओरड मला ओळखू आली. हसू आलं नाही मला.

समता धावत गेली. "गणेशभाऊ, बंद करा. अजून चालवसान तं इंजिनबी जाईन."

ढाल घेऊन भगवानराव पायी निघाले. आम्ही मात्र आमची तिसरी फेरी पळून आल्या आल्याच चालत पूर्ण केली होती.

दोन दिवसांनी ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधलेली ती गाडी समताच्या दुकानासमोर आली. गणेश खाली उतरला, टपरीकडं न पाहता बोलला, "तीन पाळ्या टिकला तुहा. खोल."

आठ दिवसांनी गाडी न्यायला भगवानराव स्वतः आले. समतानं त्यांना एक चक्कर मारून यायला सांगितलं. ते परत आले, गाडी थांबली, आणि त्यांचा हात सवयीनं चावीकडं गेला.

"थांबा, भगवानराव," खिडकीशी उभा असलेला इंद्रभान म्हणाला. "दोन मिनिटं."

"उभ्या गाडीले..."

"पळून आली हाय थे."

तीस वर्षांत इंद्रभान त्यांना पहिल्यांदाच थांबा म्हणाला होता. भगवानरावांनी हात मांडीवर ठेवला. टपरीवरचा चहा निवून चालला होता, पण कपाकडं कोणाचं लक्ष नव्हतं. एक मिनिटानं त्यांनी वर पाहिलं. इंद्रभाननं मान हलवली. अजून नाही.

मित्रांनो, मला ढाल नको, फुलं नकोत, दसऱ्याची हळदही नको. माझ्यासारखं कोणी तुमच्यासाठी लाल होईपर्यंत पळालं, मग ते लोखंड असो, जनावर असो की माणूस, तर लगेच पाठ फिरवू नका. एवढी दोन मिनिटं द्या. आणि मेहकर रोडच्या त्या भंगारवाल्याला माझा निरोप सांगा. तराजू पुसून ठेवला असशील तर पोटमाळ्यावर टाक. मी अजून फिरतो आहे.