पहिल्या फेरीतला प्रुएट

साल १९७१. इरी तळ्याकाठच्या आमच्या गावात पोलादाच्या भट्ट्या तेव्हा रात्रंदिवस चालायच्या, आणि रविवारी आपला अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, संघ हरला की सोमवारी भट्टीपाशी त्याचंच उणंदुणं. मी संघाच्या कचेरीत फिल्म कापायचे. सामन्याची रिळं धुऊन आली की एकेक खेळी कात्रीने वेगळी करायची आणि प्रत्येक खेळाडूचं रीळ जोडायचं.

आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजातले खेळाडू निवडताना आम्ही पहिल्याच, सगळ्यांत मोलाच्या फेरीत अल्विन प्रुएट घेतला होता. मिसिसिपीचा, अबोल, वाऱ्यासारखा पळणारा. कडेने पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. पहिल्या मोसमात त्याने अकरा झेल सोडले. गावात म्हणायचे, "ह्याच्या हातात पाव दिला तरी खाली पडेल."

ऑगस्टात संघातून माणसं कमी करायची वेळ आली. कोच हासेक आणि प्रुएटला हेरून आणणारा काझ पडद्यासमोर बसले.

"बर्नी, प्रुएटचं लाव," हासेक मला म्हणाले.

अकराच्या अकरा झेल पडद्यावर पुन्हा सुटले.

"काझ, हा तुला सापडला कुठे? जत्रेत?"

"पळतो कसा ते बघा ना, कोच!"

"पळतोय ना? मग टपालखात्यात चिकटव. उद्या सकाळी बोलाव त्याला, वही घेऊन."

खेळींची वही परत मागितली की माणूस गेला, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

जेवणाच्या सुट्टीत प्रुएट माझ्या खिडकीशी आला. "बर्निसबाई, आईला गेल्याच महिन्यात इथे आणलंय. पुन्हा सामान बांधायला सांगू का?"

कोचनी पाहिलं ते रीळ मीच तर जोडलं होतं. ज्या खेळीत चेंडू त्याच्याकडे फेकला तेवढीच कापायची, ही आमची रीत. सामन्यात तो चाळीसदा पळे, चेंडू चारदा येई. उरलेले तुकडे पिंपात, गेल्या मोसमाचे अजून तसेच पडलेले.

मी पिंप जमिनीवर उपडं केलं. चार वाजेपर्यंत जोडत बसले आणि कोच नि काझसमोर न विचारताच रीळ लावलं.

खेळीमागून खेळी तेच. प्रुएट पळत सुटला की विरुद्ध संघाचे दोन-दोन गडी त्याच्या मागे, आणि पलीकडे आमचा दुसरा झेलणारा एकटा, चेंडू घ्यायला मोकळा.

"परत लाव," हासेक म्हणाले. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर माझ्याकडे वळले. "हे आधी का नाही दाखवलंस?"

"तुम्हीच म्हणता ना, चेंडू आला तेवढंच काप."

काझ खोकल्याच्या आडून हसला.

"तू हसू नकोस. पहिली फेरी तू वायाच घालवलीस, तिसऱ्या फेरीचा माल आहे हा," हासेक म्हणाले. "पण राहू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी वह्या मागत फिरणारा निरोप्या प्रुएटच्या दारावरून सरळ पुढे गेला. दुपारी त्याच्या आईने मक्याचा पाव पाठवला. कालपासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. मी उभ्या उभ्याच अर्धा संपवला.

प्रुएट सहा वर्षं खेळला. झेल शेवटपर्यंत सोडत राहिला. पुढे मिसिसिपीत शाळेतल्या मुलांना पळायला शिकवायचा. त्याची आई मात्र इथेच राहिली, आमच्या गल्लीपलीकडच्या चर्चमध्ये गायची. हासेकना दोन वर्षांनी काढलं. ॲरिझोनात जाऊन त्यांनी विमे विकले. काझ अठ्ठ्याऐंशी साली वारला, गाडीत बसल्या बसल्या, एका कॉलेजच्या मैदानाबाहेर. मी व्हिडिओ येईपर्यंत फिल्म कापली. आता बहिणीजवळ राहते. रविवारचा सामना आम्ही दोघी आवाज बंद करून बघतो.